गावाकडच्या रस्त्यांना किलोमीटर लावू नका, घड्याळ लावा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वय ४१, वजन ७२ किलो, नोकरी पुण्याची पण आता काम साताऱ्यातल्या घरून. सहा महिन्यांपूर्वी रोड सायकल घेतलीत. हायवेच्या सर्व्हिस रोडवर ६० किलोमीटर ताशी २५ च्या सरासरीने आरामात होतात. उलट्या दिशेने अंगावर येणाऱ्या दुचाक्या आणि धूळ यांना कंटाळून एका रविवारी आतल्या गावांकडे वळलात, तर ४० किलोमीटरमध्येच पाय गळाले. सरासरी १६ वर आली, फोनने ६०० मीटर चढ दाखवला, दोनदा पंक्चर झाली आणि एका वस्तीवर कुत्री मागे लागली. आता विचारताय, ही सायकल विकून ग्रॅव्हल बाईक, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणारी जाड टायरची सायकल, घेऊ का?

विकू नका. निदान पुढची दिवाळी येईपर्यंत तरी नाही. तुमचा खरा प्रश्न सायकलीचा नाही, मोजमापाचा आहे. सर्व्हिस रोडची पट्टी तुम्ही गावच्या रस्त्याला लावलीत आणि स्वतःला नापास केलंत.

माझी नोकरी बँकेतली, बदल्यांची. कोरेगाव, रहिमतपूर, पाटण, पुढे पलूस. जिथे गेलो तिथे पहाटे सायकल काढली, आधी साधी, मग रोड. सांगतोय ते त्या अठरा वर्षांतलं. मी कधी शर्यत मारलेली नाही, त्यामुळे वेग वाढवायचा असेल तर माझा उपयोग नाही.

आधी पाय का गळाले ते बघू. तुम्ही ७२, सायकल, पाणी आणि सामान मिळून १३, म्हणजे ८५ किलो. सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७४० मीटरवर आहे आणि कासचं पठार साधारण १,२०० वर. हे ८५ किलो ४६० मीटर वर न्यायचे आणि तुमचे पाय सलग १५० वॉट देतात असं धरलं, तर नुसतं वजन वर उचलायला ४२-४३ मिनिटं लागतात. तेवढ्याच मिनिटांत, तेवढ्याच जोरावर सपाटीला तुम्ही १८-२० किलोमीटर गेला असतात. यावरून मी माझा एक अडाणी हिशेब बसवलाय: दर १०० मीटर चढाला ४ किलोमीटर जास्तीचे धरायचे. तुमचे ४० किलोमीटर आणि ६०० मीटर चढ म्हणजे ४० अधिक २४, झाले ६४. नेहमीच्या ६० पेक्षा त्या दिवशी तुम्ही जास्तच काम केलंत!

उतारावर ते सगळं परत मिळतं असं वाटतं, पण मिळत नाही. आपल्याकडे दोन गावांच्या मध्ये एक ओढा असतोच. रस्ता ओढ्यात उतरतो आणि पलीकडे चढतो. उतारावर जमवलेला वेग समोरच्या चढावर कामी यावा, तर नेमका तिथे मोरीवर खड्डा, नाहीतर शाळेसमोरचा गतिरोधक. त्यावर पांढरे पट्टे मारायची पद्धत आपल्याकडे नाही. म्हणजे ब्रेक लावा आणि शून्यातून पुन्हा चढा. घाट एकदाच दमवतो, ओढे दिवसभर थोडं थोडं दमवतात. म्हणून मी किलोमीटर ठरवून निघत नाही, तास ठरवून निघतो. आज तीन तास म्हणजे दीड तास झाला की जिथे असेन तिथून माघारी. सरासरी १४ पडली की १८, याचा विचार करायचा नाही. सायकलच्या कॉम्प्युटरवर सरासरीचा आकडा दिसत असेल तर तो लपवा.

गिअरबद्दल. तुम्ही पुढे ५०/३४ आणि मागे ११-२८ लिहिलंय, हे चक्रांच्या दात्यांचे आकडे. ३४ वर २८ म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर पुढे जाते. आठ टक्क्यांच्या चढावर, १५० वॉटमध्ये, तुमचा वेग ताशी साडेसात किलोमीटरच्या आत राहणार. म्हणजे मिनिटाला जेमतेम ४८ फेरे. पाच मिनिटं हे चालतं, अर्ध्या तासात गुडघे बोलायला लागतात. मागे सगळ्यात मोठं चक्र ३४ दात्यांचं असलेला कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बसवलात तर त्याच वेगाला ५९ फेरे पडतात. हा फरक पोटरीला आणि गुडघ्याला लगेच कळतो. मात्र तुमच्या मागच्या डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेतो तो भाग) ३४ झेपतं का ते आधी दुकानात दाखवा. नसेल झेपत तर ३२ तरी घाला. चेनही बहुधा लांब लागेल. नव्या सायकलीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे आणि तुमचं अर्धं दुखणं यात जाईल.

टायर २५ मिलिमीटरचे आहेत आणि तुम्ही त्यात ११० पीएसआय हवा भरता. सर्व्हिस रोडवर खपून गेलं. खडबडीत डांबरावर एवढी हवा म्हणजे सायकल रस्त्यावर टपटप उड्या मारते, आणि त्या प्रत्येक उडीत तुमची ताकद जाते. फ्रेममध्ये जागा असेल तर २८ चे घाला. तुमच्या वजनाला पुढे ७०, मागे ७५ ते ८० पुरे. पहिल्या दिवशी हवा कमी झाली की काय असं वाटेल, वाटू द्या.

आता ज्यासाठी हायवे सोडलात ती शांतता. इथे मला जरा वेळ घेऊन सांगायचंय, कारण "साताऱ्याजवळ शांत रस्ते कुठले?" असं मला नेहमी विचारतात आणि त्याला एका ओळीचं उत्तर नाही. रस्ता शांत नसतो, रस्त्याची वेळ शांत असते. यवतेश्वरचा घाट बुधवारी पहाटे सहाला तुमचा एकट्याचा असतो. तोच घाट सप्टेंबरातल्या रविवारी, कासला फुलं असताना, दहा वाजता गाड्यांची रांग असतो. दोष रस्त्याचा नाही.

उसाचं बघा. पलूसला असताना पहिल्याच हिवाळ्यात हे माझ्या लक्षात आलं. ऑक्टोबरपर्यंत कुंडल, देवराष्ट्रे, सागरेश्वरच्या डोंगराकडचे रस्ते इतके छान, की मी घरी फोन करून सांगायचो, इथेच जागा घेऊ. दिवाळीनंतर कारखान्यांची धुरांडी पेटली आणि तेच रस्ते ओळखू येईनात. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, त्यावर चढवलेला ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि टेपवर गाणी एवढी मोठ्यांदा की तुमची घंटाच काय, ट्रकचा हॉर्नही ऐकू जाऊ नये. त्यांना ओलांडायच्या भानगडीत पडू नका. वळणावर मागची ट्रॉली आत कापते, आणि चढावर भरलेल्या ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मागे राहा, नाहीतर थांबून चहा प्या. ट्रॉलीतून पडलेला ऊस चाकांखाली चेचून चिपाड होतो. ते ओलं असताना त्यावर वळू नका. नदीकाठच्या गावांत थंडीत पहाटे धुकं असतं, त्यात बिनदिव्याच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या कडेला उभ्या असतात. म्हणून नोव्हेंबर ते मार्च मी कारखान्याच्या आसपासचे दहा किलोमीटर सरळ वगळतो आणि उजाडल्याशिवाय निघत नाही. मागचा लाल दिवा दिवसाही लुकलुकता ठेवतो.

पलूस-तासगाव पट्ट्यात गेलात तर आणखी एक. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी झाली की सकाळी बागांत ब्लोअरने फवारणी चालते आणि वारा असेल तर ते औषध रस्त्यावर येतं. पांढरा फवारा दिसला की तो जाईपर्यंत अलीकडे थांबायचं. बाटलीचं तोंड झाकलेलं हवं.

आपल्या जिल्ह्यात पावसाचाही एक रस्ता नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. जुलैत ठोसेघरच्या बाजूला झाडीखालच्या वळणांवर शेवाळ धरतं, तिथे रोड टायर साबणावर चालल्यासारखे जातात. त्याच दिवशी पुसेगाव, दहिवडीकडचा रस्ता कोरडा ठणठणीत असू शकतो. म्हणून मी पावसाळ्यात पूर्वेला जातो. ऑक्टोबरपासून पश्चिमेला वळतो. मार्चनंतर कुठेही गेलो तरी साडेनऊला घरी असतो.

पूर्वेला जाताना वाऱ्याचं लक्षात ठेवा. उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत वारा पश्चिमेकडून येतो, आणि दिवस चढेल तसा वाढतो. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाही लावलेल्या. पाठीला वारा घेऊन पुसेगावपर्यंत उडत जायचं आणि साताऱ्याला परतताना तोच वारा तोंडावर घ्यायचा, हे मी पहिल्या वर्षी तीनदा केलं. तिसऱ्यांदा टेम्पोत सायकल टाकून आलो. त्या दिवसांत पूर्वेला जायचं तर अंतर निम्मं धरा.

याशिवाय बाजाराचा वार. ज्या गावातून जायचं तिथला आठवडी बाजार कधी असतो ते आधी विचारा. गावची जत्रा असेल तर तो रस्ता त्या दिवशी नाहीच असं समजा. आषाढात माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटणकडून जाते, तेव्हा तिकडे सायकल न्यायची तर वारकऱ्यांबरोबर हातात धरून चालायचं.

इथवर मी चारच गोष्टी सांगितल्या: तासावर चला, गिअर हलका करा, टायरमधली हवा कमी करा, वेळ आणि महिना बघून रस्ता निवडा. आता रस्ता शोधायचा कसा ते.

फोनचा नकाशा पाणंदीलाही रस्ता म्हणतो. पाऊस पडून गेला असेल तर कृष्णाकाठची काळी माती टायर आणि ब्रेकच्या मध्ये अशी गच्च बसते की चाक फिरत नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून आदल्या रात्री उपग्रहाचं चित्र बघून घ्या. रस्त्यावर गेल्यावर मैलाच्या दगडाचा माथा बघा. पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग, केशरी दिसला की गावचा रस्ता. पाट्यांवर ‘प्रजिमा’, ‘इजिमा’, ‘ग्रामा’ अशी अक्षरं असतात, म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. आपल्याला मजा ‘इजिमा’वर येते. ‘ग्रामा’ बऱ्याचदा गावात जाऊन संपतो. ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल तर डांबराची रुंदी साधारण पावणेचार मीटर, काही ठिकाणी तीनच. समोरून एसटी आली की तुम्ही बाजूपट्टीवर उतरायचं, हे गृहीत धरा. डांबर आणि मुरूम यांच्यात कधी कधी चार बोटांची पायरी असते. ती तिरकी चढायला गेलात की पडलात. थांबा, पाय टेका, सायकल उचलून वर घ्या.

वाट विचारायची तर "किती लांब आहे?" असं विचारू नका. "ह्ये काय, हितंच!" हे उत्तर एक किलोमीटरलाही मिळतं आणि सातलाही. विचारायचं ते असं: "मामा, या वाटेनं एसटी जाते का?" एसटी जात असेल तर डांबर आहे, मोरी शाबूत आहे आणि पुढे चहा मिळणार आहे.

आता जे मला उशिरा कळलं ते. कोरेगावला होतो तेव्हाची गोष्ट, ऑक्टोबर असावा. कोरेगाव तालुका वाघ्या घेवड्याचा. काढणी झाली की शेंगा डांबरावर पसरतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली आपोआप मळणी होते. उतारावरून मी ताशी तीसने आलो, वळणाच्या पुढे अख्खा रस्ता शेंगांनी भरलेला. घाबरून पुढचा ब्रेक दाबला आणि आडवा झालो. कोपर सोलवटलं. कडेला बसलेल्या आजी उठून आल्या. मी तेव्हा ४३ वर्षांचा, बँकेचा अधिकारी, आणि त्या म्हणतात, "लागलं का रं लेकरा?" मी नाही म्हटल्यावर लगेच, "मग ऊठ की, शेंगा चिरडायल्यात." नंतर चुन्याच्या डबीतला चुना आणि हळदही त्यांनीच लावली.

तेव्हापासून मी गावात शिरताना हात ब्रेकवर घेतो आणि वेग पंधराच्या खाली आणतो. तो रस्ता म्हणजे त्या लोकांचं अंगण आहे. तिथे सोयाबीन वाळतं, शेळ्या बसतात, पोरं चाक फिरवतात, पाइपलाइनसाठी खोदलेला चर मातीने अर्धाच बुजवलेला असतो. धान्य पसरलेलं दिसलं की उतरायचं आणि कडेने चालत जायचं. त्यावर ब्रेकही लावायचा नाही, वळायचंही नाही.

कुत्र्यांचं फार मनावर घेऊ नका, पण एक करा: पळू नका. तुम्ही जोरात पॅडल मारलं की त्यांचा खेळ सुरू होतो. वेग कमी करा, थांबा, सायकल मध्ये धरून उतरा आणि दमात "हाड!" म्हणा. दहातली नऊ तिथेच गप्प होतात. धनगरांच्या कळपाबरोबरची कुत्री मात्र वेगळी. ती राखण करतात, म्हणून कळपाच्या मधून जायचं नाही. दिवाळीच्या सुमाराला मेंढरं पूर्वेकडून कोकणाकडे निघतात, तेव्हा वाटेत कळप भेटतात. थांबून मेंढपाळाला हाक मारा, तो स्वतः वाट करून देतो. चुकून चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठून लस सुरू करायची. उद्या बघू म्हणायचं नाही.

पंक्चर दोनदा झाली म्हणता, पण ट्यूबला भोकं कशी होती ते लिहिलं नाहीत. शेजारी-शेजारी दोन असतील, साप डसल्यासारखी, तर खड्ड्यात रिम आपटून ट्यूब चेचली गेली. २८ चा टायर आणि खड्डा दिसला की बुड उचलणं, हा त्यावरचा उपाय. एकच बारीक भोक असेल तर तो बाभळीचा काटा. शेताचं कुंपण नवं केलेलं असेल तिथे रस्त्यावर काटे सांडलेले असतात. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवा. मोडका काटा आत तसाच असेल तर दुसरी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. तुमचं दुसरं पंक्चर याच जातीचं असावं असा माझा संशय आहे. आपल्या सायकलीची ट्यूब गावच्या दुकानात मिळत नाही आणि आपल्या बारीक वॉल्व्हला तिथला पंप बसत नाही. दोन ट्यूब, हातपंप आणि वॉल्व्हवर चढवायचा पितळी अ‍ॅडॉप्टर एवढं बरोबर असलं की कुठलाही पंक्चरवाला हवा भरून देतो.

खाण्याचं सोपं आहे. दर तासाला एक-दोन केळी किंवा शेंगदाण्याचा लाडू, भूक लागायच्या आधी. वडा खायचा तर परतीच्या शेवटच्या टप्प्यात, चढ संपल्यावर.

आता तुम्ही कुठून सुरुवात करावी. पहिले दोन-तीन रविवार कण्हेर धरणाच्या बाजूने मेढ्याकडे जा आणि परत या. वेण्णेचं खोरं आहे, चढ बेताचा, जाऊन-येऊन पन्नासच्या आसपास. मेढ्याच्या पुढे केळघरचा घाट आहे, तो सध्या लांबूनच बघा. मग लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीपर्यंत गावागावांतून वाट काढत जा. विहीर अठराव्या शतकातली आहे, आत उतरून गार हवेत दहा मिनिटं बसता येतं. नवा कॅसेट बसवून महिना झाला की परळी, सज्जनगडाचा पायथा आणि जमलं तर बोरणे घाटाने ठोसेघर. यवतेश्वर-कास त्यानंतर, आठवड्यातल्या मधल्या वारी. तुम्ही घरून काम करता, एखाद्या बुधवारी साडेपाचला निघालात तर कामाला बसायच्या आत घरी असाल.

कासला पोहोचल्यावर बामणोलीकडचा उतार खुणावेल. कोयना धरणाच्या शिवसागराचं निळं पाणी खाली दिसतं आणि सायकल आपोआप तिकडे वळते. जितकं खाली जाल तितकं परत चढावं लागेल, आणि त्या बाजूला फोनला रेंज मिळेलच असं नाही. घरी सांगून ठेवलं नसेल तर पठारावरूनच मागे फिरा. घाट उतरताना वळणाच्या आधीच दोन्ही ब्रेकने वेग कमी करून घ्या, वळणात ब्रेक नको. एकसारखे दाबून ठेवू नका, रिम तापते. दाबा, सोडा, दाबा. आणि प्रत्येक वळणाच्या पलीकडून एसटी संपूर्ण रस्ता घेऊन येतेय असंच धरून चाला.

शेवटी, तुम्ही न विचारलेलं. कुठेही थांबलात की पहिला प्रश्न येणार, "सायकल केवढ्याची?" खरी किंमत सांगितलीत तर पुढची पंधरा मिनिटं "एवढ्यात तर मोटारसायकल आली असती" यावर जातात. मी सांगतो, "मेव्हण्याची आहे, मला ठाऊक नाही." मग लोक चेन आणि गिअर बघतात, एखादा पोरगा बसून बघतो, आणि पुढच्या रस्त्याला डांबर कुठपर्यंत आहे ते नीट सांगतात.